लहान मासेमारी नौकेवरील यंत्रांची जोडणी : प्रस्तावना

सातपाटीपासून मालवणपर्यंत आणि पुढे गोव्यातील मालिम व कुटबणपर्यंतच्या बंदरांतून समुद्रात जाणाऱ्या, वीस मीटरपेक्षा कमी लांबीच्या यांत्रिक नौकेच्या केबिनमध्ये आज सामान्यतः चार-पाच इलेक्ट्रॉनिक यंत्रे आढळतात : नौकेचे स्थान सांगणारा जीपीएस किंवा त्याला नकाशाची जोड असलेला चार्टप्लॉटर, पाण्याची खोली व माशांचे थवे दाखवणारा फिश फाइंडर, बोलण्यासाठी व्हीएचएफ संच, आसपासच्या जहाजांची ओळख पटवणारी एआयएस यंत्रणा आणि अलीकडे आलेला, उपग्रहामार्फत संदेश पाठवणारा ट्रान्सपाँडर. ही यंत्रे एकाच वेळी घेतलेली नसतात. कोणते एखाद्या चांगल्या हंगामाच्या कमाईतून आलेले असते, कोणते शासकीय योजनेतून, तर कोणते जुन्या नौकेवरून काढून नव्या नौकेवर बसवलेले असते. त्यामुळे एकाच फळीवर शेजारी शेजारी असूनही ती एकमेकांना काहीच सांगत नाहीत. एका यंत्राने मिळवलेली माहिती दुसऱ्याला आपोआप मिळेल अशा रीतीने त्यांना तारांनी बांधणे म्हणजे जोडणी, आणि ही जोडणी समजून घेणे हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

या विषयाकडे आजवर सोयीची बाब म्हणून पाहिले गेले. यंत्र घेताना त्याचा पडदा किती मोठा, त्याची शक्ती किती वॅट, किंमत किती, याची चौकशी होते. त्याच्या मागच्या बाजूला जी तार मोकळी सुटलेली असते ती कशासाठी आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते आणि बहुतेक वेळा ती चिकटपट्टी गुंडाळून तशीच बाजूला सारली जाते. प्रस्तुत ग्रंथाची भूमिका अशी की ही दुर्लक्षित तार नौकेवरील माणसांच्या जिवाशी थेट निगडित आहे, आणि म्हणून तिचे ज्ञान शहरातल्या तंत्रज्ञापुरते न राहता बंदरातल्या वायरमनपर्यंत, नाखव्यापर्यंत आणि तांडेलापर्यंत पोहोचले पाहिजे.

यंत्रे येण्यापूर्वी कोळी, गाबीत, खारवी व दालदी समाजांतील दर्यावर्दी हीच सर्व माहिती आपल्या डोक्यात एकत्र करीत असत. किनाऱ्यावरील डोंगर, देऊळ किंवा बुरूज अशा दोन खुणा एका रेषेत आणून स्थान ठरवायचे, शिसे बांधलेली दोरी सोडून वावांत खोली मोजायची, तळाची माती पाहून जागा ओळखायची आणि या तिन्ही गोष्टींचा मेळ घालून जाळे टाकायचे, अशी ती पद्धत होती. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात हेतुपुरस्सर मिसळलेली त्रुटी काढून टाकली, तेव्हा सुमारे शंभर मीटरपर्यंत चुकणारे स्थान दहा-वीस मीटरांच्या आत मिळू लागले आणि छोट्या नौकांवरही जीपीएसचा प्रसार वेगाने झाला. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी एक भारतीय मासेमारी नौका ताब्यात घेऊन आले होते. त्यानंतर नौकेची ओळख हा सुरक्षेचा प्रश्न बनला आणि वीस मीटर व त्याहून लांब मासेमारी नौकांवर एआयएस बंधनकारक झाले. २०१७ च्या ओखी चक्रीवादळात केरळ व तमिळनाडूच्या अनेक नौका भरकटत येऊन देवगड बंदरात आसऱ्याला थांबल्या, तेव्हा मोबाइलच्या टप्प्याबाहेर गेलेल्या नौकेपर्यंत इशारा पोहोचवण्याचे साधन नसणे किती घातक ठरते हे संपूर्ण पश्चिम किनाऱ्याने पाहिले. पुढे २०१९ मध्ये उपग्रहामार्फत हवामानाचे इशारे ग्रहण करणारे जेमिनी हे उपकरण आले, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथून, एक लाख नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपाँडर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. अशा रीतीने प्रत्येक यंत्रामागे एकेक वेगळे कारण आणि वेगळी यंत्रणा उभी आहे. त्या सर्वांचा मेळ घालण्याचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला दिलेले नाही.

जोडणीचे सर्वांत मोठे कारण संकटसमयी दिसते. आधुनिक व्हीएचएफ संचावर लाल झाकणाखाली एक कळ असते. झाकण उचलून ती काही सेकंद दाबून धरली की संच आवाजाऐवजी आकड्यांच्या स्वरूपातील संकटसंदेश चॅनल ७० वर पाठवतो. या पद्धतीला डीएससी, म्हणजे आकडी निवडक हाक, असे म्हणतात, आणि मोठ्या व्यापारी जहाजांवरील संच हे चॅनल रात्रंदिवस ऐकत असतात. संदेशात नौकेचा एमएमएसआय हा नऊ आकडी ओळखक्रमांक असतो, जो भारतीय नौकांच्या बाबतीत ४१९ ने सुरू होतो, आणि त्यासोबत नौकेचे स्थान व वेळ असते. हे स्थान संचाला ठाऊक असेल तरच जाते, हा यातील कळीचा मुद्दा. अलीकडच्या काही संचांत स्वतःचा जीपीएस बसवलेला असतो; पण ज्यांत तो नाही, त्यांना स्थान बाहेरच्या जीपीएसकडून दोन बारीक तारांनी पुरवावे लागते. या दोन तारा जोडलेल्या नसतील तर संकटाची हाक ऐकू जाते, पण नौका कोठे आहे हे कोणालाच कळत नाही. आणि पाणी भरत असताना, अंधारात, भिजल्या हातांनी अक्षांश-रेखांश टिपून देण्याची अपेक्षा खलाशाकडून करणे योग्य नव्हे.

दुसरे कारण टकरीचे. मुंबई व जवाहरलाल नेहरू बंदराकडे ये-जा करणाऱ्या जहाजांचे मार्ग आणि कोकणातील मासेमारीची क्षेत्रे एकमेकांना छेदतात, आणि गिलनेट सोडून रात्रभर प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या नौकेला चटकन बाजूला होता येत नाही. लहान नौकांसाठी असलेला एआयएसचा साधा ब वर्ग, नौकेचा वेग दोन नॉटपेक्षा कमी असताना, दर तीन मिनिटांनी एकदाच आपले स्थान प्रसारित करतो. तेवढ्या अवधीत पंधरा नॉट वेगाचे जहाज पाऊण सागरी मैल, म्हणजे जवळजवळ १.४ किलोमीटर, पुढे सरकलेले असते. मोठे जहाज मात्र चालू असताना दर काही सेकंदांनी आपली माहिती देत असते. म्हणून जहाजाला आपण दिसू यावर विसंबण्यापेक्षा जहाज आपल्याला दिसेल अशी व्यवस्था करणे अधिक शहाणपणाचे ठरते, आणि त्यासाठी एआयएसने पकडलेली माहिती प्लॉटरच्या नकाशावर उतरली पाहिजे. ती उतरली की प्लॉटर त्या जहाजाचा मार्ग व वेग पाहून ते किती अंतरावरून आणि किती मिनिटांनी जवळून जाईल याचे गणित करतो व वेळेवर भोंगा वाजवतो.

तिसरे कारण रोजच्या कमाईशी संबंधित आहे. फिश फाइंडर नौकेच्या तळातून ध्वनीचा ठोका सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळेवरून खोली ठरवतो; समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असल्यामुळे तीस मीटर खोलीवरून प्रतिध्वनी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, म्हणजे ०.०४ सेकंदात, परततो. ही खोली आणि त्या क्षणाचे स्थान यांची एकत्र नोंद झाली तर कोणत्या जागी खडप आहे, कोठे चिखल आहे आणि कोठे जाळे फाटले, याची नौकेची स्वतःची वही तयार होते. हैदराबादच्या इंकॉइस संस्थेकडून मासे सापडण्याची शक्यता असलेल्या क्षेत्रांचा जो सल्ला प्रसृत होतो, तोही दिशा, अंतर, खोली आणि अक्षांश-रेखांश यांच्या भाषेत असल्यामुळे स्थान व खोली एकाच पडद्यावर असणाऱ्या तांडेलाला तो लगेच वापरता येतो.

आता ही यंत्रे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात ते पाहावे लागेल. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन या अमेरिकी संस्थेने, जिचे एनएमईए हे संक्षिप्त नाव सर्वत्र रूढ आहे, १९८३ मध्ये एनएमईए ०१८३ नावाचे मानक प्रसिद्ध केले आणि ते आजही लहान नौकांवर सर्वाधिक आढळते. त्याची रीत गावातल्या दवंडीसारखी आहे : एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात आणि उलट उत्तर कोणी देत नाही. बोलणाऱ्या यंत्राच्या दोन तारा ऐकणाऱ्या यंत्राच्या दोन तारांना जोडायच्या असतात. एक बोलणारा अनेकांना ऐकवू शकतो, पण दोन बोलणारे एकाच तारेवर जोडले की दोघांचेही बोलणे बिघडते आणि त्यासाठी मल्टिप्लेक्सर नावाचा, दोन प्रवाह आळीपाळीने पुढे सोडणारा डबा मध्ये घालावा लागतो. नेहमीचा वेग सेकंदाला ४८०० बिट, म्हणजे सुमारे ४८० अक्षरे, इतका असतो. एआयएससाठी तो ३८४०० ठेवलेला आहे. एआयएस जोडूनही प्लॉटरवर एकही जहाज उमटत नसेल, तर तार बदलण्यापूर्वी त्या जोडाचा वेग ४८०० वरच राहिला आहे का, हे आधी पाहावे.

या तारेवरून जाणारे एकेक वाक्य ८२ अक्षरांपेक्षा मोठे नसते आणि ते साध्या अक्षर-अंकांत असल्यामुळे संगणकावर सरळ वाचता येते. जीपीएसचे आरएमसी हे वाक्य घेतले तर त्यात आधी कोण बोलत आहे याची दोन अक्षरे, मग वाक्याचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे, त्यानंतर वेळ, माहिती विश्वसनीय आहे की नाही हे सांगणारे एक अक्षर, अक्षांश, रेखांश, नॉटमधील वेग, दिशा आणि तारीख असा स्वल्पविरामांनी तोडलेला क्रम असतो, व शेवटी सर्व अक्षरांच्या हिशेबातून काढलेली दोन तपासचिन्हे असतात, जी जुळली नाहीत तर ऐकणारे यंत्र ते वाक्य टाकून देते. वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते, म्हणून भारतात पहाटेचे चार वाजलेले असताना वाक्यात आदल्या दिवसाची तारीख आणि रात्रीचे साडेदहा दिसतात. स्थान लिहिण्याची पद्धत याहून अधिक लक्ष देण्यासारखी आहे. वाक्यात अंश आणि मिनिटे सलग लिहिलेली असतात, दशांश अंश नव्हे. १७ अंश ३० मिनिटे हे अक्षांश कोणी १७.३० अंश असे समजून दुसऱ्या यंत्रात किंवा फोनमध्ये भरले तर ते प्रत्यक्षात १७ अंश १८ मिनिटे ठरते, आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल असल्यामुळे नौका बारा सागरी मैल दक्षिणेला दाखवली जाते. राज्याचे सागरी क्षेत्र किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच असते, हे लक्षात घेतले की या चुकीचे माप कळते. शोधासाठी निघालेल्या जहाजाच्या दृष्टीने तर ती नौका जणू दुसऱ्याच समुद्रात असते.

एनएमईए २००० हे पुढचे मानक वेगळ्या पायावर उभे आहे. बॉश कंपनीने मोटारगाड्यांसाठी विकसित करून १९८६ मध्ये जाहीर केलेल्या कॅन या पद्धतीचा त्यात आधार घेतला असून वेग सेकंदाला अडीच लाख बिट इतका आहे. येथे सर्व यंत्रे एकाच मुख्य तारेवर, म्हणजे बॅकबोनवर, टी आकाराच्या जोडांनी लटकवलेली असतात. प्रत्येक यंत्र बोलूही शकते आणि ऐकूही शकते, आणि दोघांनी एकाच क्षणी बोलायला सुरुवात केली तर ज्याचा संदेश अधिक महत्त्वाचा ठरवलेला आहे तो पुढे जातो व दुसरे यंत्र थांबून पुन्हा प्रयत्न करते, त्यामुळे माहिती वाया जात नाही. बॅकबोनपासून यंत्रापर्यंतची फांदी सहा मीटरपेक्षा लांब नसावी आणि बॅकबोनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर, म्हणजे टोकाचा रोधक, असावा, हे दोन नियम पाळले तर लहान नौकेवरील यंत्रांचे जाळे सहसा त्रास देत नाही. त्याची तपासणीही साध्या मल्टिमीटरने होते : वीज बंद करून दोन माहितीवाहक तारांमधील रोध मोजला असता तो सुमारे ६० ओहम आला तर जाळे ठीक आहे, १२० आला तर एक टर्मिनेटर गळाला आहे किंवा बॅकबोन मध्येच तुटला आहे, आणि ४० आला तर कोणीतरी तिसरा टर्मिनेटर बसवला आहे. मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या धक्क्यावर उभे राहून दोन मिनिटांत करता येणारी ही तपासणी अनेक महागड्या दुरुस्त्या वाचवू शकते. जुन्या-नव्या यंत्रांचे मिश्रण हीच लहान नौकेची सर्वसाधारण स्थिती असल्यामुळे दोन्ही मानकांमध्ये भाषांतर करणारा गेटवे हा डबा पुष्कळदा लागतो, आणि त्याचा सविस्तर विचार या ग्रंथात केला आहे.

भाषा जुळली तरी वीज नीट नसेल तर सर्व व्यर्थ जाते, आणि समुद्रावरील बिघाडांचे मूळ पुष्कळदा यंत्रात नसून वीजपुरवठ्यात असते. पंचवीस वॅटचा व्हीएचएफ संच बोलताना सुमारे सहा अँपिअर वीज ओढतो. बॅटरीपासून केबिनपर्यंत दहा मीटर अंतर असून दीड चौरस मिलिमीटर आडछेदाची तांब्याची तार वापरली असेल, तर जाण्यायेण्याच्या वीस मीटरांत सुमारे १.४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. त्याच तारेवर जीपीएसही चालत असेल आणि बॅटरी आधीच उतरलेली असेल, तर बोलण्याची कळ दाबताच जीपीएस बंद पडून पुन्हा सुरू होण्याचा संभव असतो, म्हणजे ज्या क्षणी स्थान हवे त्याच क्षणी ते नाहीसे होते. तीच तार चार चौरस मिलिमीटरची घेतली तर तूट अर्ध्या व्होल्टवर येते. इंजिन सुरू करण्याची बॅटरी आणि यंत्रांची बॅटरी वेगळी ठेवणे, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र फ्यूज देणे, कथिलाचा मुलामा असलेली तार वापरणे, पीळ देऊन चिकटपट्टी लावण्याऐवजी दाबून बसवलेले जोड करणे आणि पाणी तारेवरून ओघळून जोडात शिरू नये म्हणून जोडाच्या आधी तारेला खाली झोळ देणे, या गोष्टी दिसायला किरकोळ आहेत; परंतु खारट हवेत तांबे हिरवे पडायला एक हंगाम पुरतो, हे ज्याला माहीत आहे तो त्यांना किरकोळ म्हणणार नाही. वीज वाहणारी तार होकायंत्राजवळून नेल्यास सुई ढळते, म्हणून जाणारी व येणारी तार एकमेकींना पीळ घालून न्यावी. स्वस्त एलईडी दिव्यांतील वीजमंडलामुळे व्हीएचएफ व एआयएसच्या ग्रहणात व्यत्यय येतो, आणि अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये त्याबाबत जाहीर इशाराही दिला होता. संच शांत असताना दिवे लावून खरखर वाढते का हे ऐकणे, ही त्याची साधी परीक्षा आहे.

जोडणीचे इतके समर्थन केल्यानंतर तिची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जे परस्परांशी जोडलेले असते ते एकमेकांमुळे बंदही पडू शकते, आणि एका तारेत पाणी शिरल्याने चार पडदे एकदम अंधारणे हा धोका काल्पनिक नाही. म्हणून प्रस्तुत ग्रंथाचे सूत्र असे आहे की माहिती सर्वांची असावी, पण आधार प्रत्येकाचा स्वतःचा असावा. फिश फाइंडरला प्लॉटर बंद असतानाही खोली दाखवता आली पाहिजे. व्हीएचएफला जीपीएसची तार तुटल्यावरही चॅनल १६ या आवाजी संकटहाकेच्या चॅनलवर बोलता आले पाहिजे. उपग्रहामार्फत संकटसंदेश देणारे उपकरण, मग तो नवा ट्रान्सपाँडर असो की इस्रोने विकसित केलेला डॅट, नौकेवरील यंत्रांच्या जाळ्यावर अवलंबून ठेवू नये. ट्रान्सपाँडर व डॅटची नवी आवृत्ती ही उपकरणे ब्लूटूथने मोबाइलशी जोडली जातात आणि किनाऱ्याकडून आलेला निरोप फोनवर वाचता येतो, ही मोठीच सोय आहे. पण फोन भिजतो, त्याची बॅटरी संपते, आणि म्हणून तो पडदा म्हणून स्वीकारावा, पाया म्हणून नव्हे. होकायंत्र, शिशाची दोरी आणि किनाऱ्याच्या खुणांचे ज्ञान यांची जागाही कोणतीच जोडणी घेऊ शकत नाही.

हे सर्व काम कोण करणार, हा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. यंत्रांसोबत येणारी पुस्तिका सहसा इंग्रजीत असते आणि ती फक्त त्या एका यंत्रापुरते बोलते. एनएमईए ०१८३ च्या तारांचे रंग तर प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे एका नौकेवर चाललेली जोडणी दुसऱ्या नौकेवर जशीच्या तशी उतरवता येत नाही. अशा स्थितीत जोडणी करणाऱ्या वायरमनने कोणत्या यंत्राची कोणत्या रंगाची तार कोठे जोडली, वेग किती ठेवला, फ्यूज किती अँपिअरचा घातला आणि एमएमएसआय क्रमांक कोणता भरला, हे एका जाड कागदावर मराठीत लिहून, प्लास्टिकमध्ये घालून केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूस लावले पाहिजे. जून-जुलैच्या पावसाळी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तळाची डागडुजी, रंगकाम आणि इंजिनाची दुरुस्ती ज्या काळजीने तेव्हा केली जाते, त्याच काळजीने तारांचीही तपासणी व्हावी आणि हंगामाची पहिली फेरी निघण्यापूर्वी धक्क्यावरच एकेक यंत्र आळीपाळीने बंद करून बाकीची चालतात की नाहीत हे पाहावे. मच्छीमार सहकारी संस्थांनी आपल्या सभासदांसाठी असा एक प्रशिक्षित माणूस आणि एक मल्टिमीटर बंदरात ठेवणे मुळीच अवघड नाही.

प्रस्तुत ग्रंथ त्या माणसासाठी आणि त्याच्यावर विश्वास ठेवून समुद्रात जाणाऱ्या खलाशांसाठी लिहिला आहे. त्यात आधी वीजपुरवठा, मग दोन्ही मानके, मग एकेका यंत्राची जोडणी आणि अखेरीस बिघाड शोधण्याची रीत असा क्रम ठेवला आहे, कारण पायापासून वर जाणारा हाच क्रम प्रत्यक्ष कामातही उपयोगी पडतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावणारा नातेवाईक, चॅनल ७० ऐकणारे जहाज आणि शोधासाठी निघालेले पथक, हे सगळे एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत असतात : नौका कोठे आहे? ते उत्तर नौकेवरच्या एका यंत्राला नेहमीच ठाऊक असते. ते बाकीच्या यंत्रांपर्यंत आणि त्यांच्यामार्फत किनाऱ्यापर्यंत वेळेत पोहोचवणे शक्य आहे, ते कमी खर्चाचे आहे, आणि साधी हत्यारे हाताळणाऱ्या कोणालाही ते शिकता येते. म्हणून ते प्रत्येक नौकेवर झालेच पाहिजे, असा या ग्रंथाचा आग्रह आहे.